ओढ्याच्या तोंडाची जमीन

नववीच्या वर्गात त्रिभुज प्रदेश शिकवायला मला आवडायचं, कारण तो फळ्यावर छान काढता येतो. वरून एक जाड रेघ खाली आणायची, तिला फाटे फोडायचे, फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी निळ्या खडूनं समुद्र. मग खडू आडवा धरून मधला गाळ रंगवायचा. मुलं वहीत मान खाली घालून आकृती काढत बसायची. बारा-तेरा वर्षं मी ती आकृती काढत होते. खरा त्रिभुज प्रदेश मी पाहिलेला नव्हता. समुद्र पाहिला होता तो सहलीला, कोकणातला, आणि तिथं तर नद्यांच्या खाड्या होतात.

माझं माहेर राजुरी, सासर बोरी बुद्रुक. दोन्हीकडं बागायत. आमच्याकडं पाणी म्हणजे कॅनॉलचं पाणी. आवर्तन सुटलं की येतं, पाळी संपली की जातं. चारीच्या तळाशी पडलेलं खुरपं दिसावं इतकं ते नितळ असतं. या पाण्याबरोबर आधी काहीतरी होतं आणि ते वाटेत मागं राहिलं, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. पुढं आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका शाळेत मी शिकवायला लागले. शाळेच्या व्हरांड्यातून पाणी दिसायचं. दिवाळीला ते अगदी रस्त्याखाली असायचं आणि उन्हाळ्यात इतकं लांब जायचं की मधल्या उताराकडं बघवत नसे. तो उतार मला ओसाड वाटायचा. मी त्याच्याकडं पाठ करून शिकवायची.

त्या दिवशी तास रंगला होता. मी मुलांना विचारलं, "आपल्या घोड नदीची माती शेवटी कुठं जाते?" कुणालाच सांगता येईना, म्हणून मीच सांगितलं. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या डोंगराची माती तिकडं जाऊन त्रिभुज प्रदेश बनते. मुलांचे डोळे मोठे झाले आणि मलाही बरं वाटलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी व्हरांड्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या. तास संपवून मी बाहेर आले तशा त्या म्हणाल्या, "बाई, एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमी म्हणला आपली माती समुद्राला जाती. आमच्या वढ्याची तर कुठंच जात न्हाई. हितंच ऱ्हाती, धरणात. तुमी फळ्यावर काढलं ना, तसंच हाय ते. बोटं फाकल्यावानी."

मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ झालाय. मी समजावून सांगितलं, "मावशी, त्रिभुज प्रदेश फार मोठा असतो. त्याच्यात जिल्हेच्या जिल्हे बसतात."

"असंल. आमचा बारका हाय," त्या म्हणाल्या आणि तांदळाचं सूप उचलून आत गेल्या.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी मला कळून चुकलं की मावशींचं बरोबर होतं. मध्ये एवढी मोठी भिंत उभी असताना आमची माती समुद्राला जाणार कशी? नदीला समुद्र भेटायच्या कितीतरी आधी धरण भेटतं. वाहतं पाणी थांबलेल्या पाण्याला मिळालं की गाळ टाकतं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते आणि थांबलेलं पाणी माझ्या पाठीमागं पसरलेलं होतं. मी मावशींना म्हटलं, "मला दाखवाल का?"

"मे महिन्यात या. पाणी लांब गेल्याबिगर दिसत न्हाई."

मावशी लग्न होऊन त्या ओढ्याकाठच्या वस्तीवर आल्या आणि थोड्याच वर्षांत धरणाचं पाणी चढलं. ओढ्याकाठची जमीन गेली. बरीच घरं खाली पुनर्वसनाच्या गावात राहायला गेली, काही घरं डोंगराच्या अंगाला वर सरकली. मावशींचं घर वर सरकलेल्यांतलं. पुढं नवरा वारला. मुलगी लग्न होऊन चाकणकडं गेली. मावशी शाळेत खिचडी करतात आणि पाणी उतरलं की ओढ्याच्या तोंडाशी गाळपेर करतात. उघडी पडणारी ती जमीन सरकारची असते. परवानगी घेऊन तेवढ्या चार महिन्यांत पीक काढायचं आणि पाणी परत यायच्या आत जमीन मोकळी करून द्यायची.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले. वस्ती मागं टाकून आम्ही एका उघड्या टेपाडावर आलो. मावशी थांबल्या. "बगा," एवढंच म्हणाल्या.

खाली माझी आकृती पडली होती. दोन डोंगरांच्या फटीतून ओढा बाहेर येत होता, आणि फट संपताच जमीन दोन्ही बाजूंना सुपासारखी पसरत गेली होती. तिच्यावरून पाण्याच्या बारीक रेघा निघाल्या होत्या. एकीच्या दोन, दोहोंच्या पाच. काही कोरड्या, पांढऱ्या वाळूच्या. काहींत अजून बोटभर पाणी चकाकत होतं. मध्येमध्ये हिरवे पट्टे, ते गाळपेर्‍याचे. आणि सगळ्यात पुढं, धरणाच्या निळ्या पाण्यात, त्या जमिनीची काळी कड कमानीसारखी शिरलेली. मी एवढी वर्षं खडूनं जे रंगवत होते ते इथं एका ओढ्यानं कुणालाही न विचारता करून ठेवलं होतं. देवळात गेल्यावर माणूस आपोआप चप्पल काढतो तसे माझे हात चपलेकडं गेले. मावशी म्हणाल्या, "राहू द्या, वर खडे हायेत. खाली गेल्यावर काढा."

त्या पुढं आणि मी मागं, असं आम्ही उतरलो. फटीच्या तोंडाशी नारळाएवढे गोटे होते. शंभर पावलं गेलो तर लिंबाएवढे. मग खडी, मग जाड वाळू, मग चाळलेल्या रव्यासारखी वाळू, आणि तिच्या पुढं हाताला गार लागणारी काळी माती, जिच्यात चिमटीत धरायला कण सापडत नव्हता. कुणीतरी वेगवेगळ्या चाळण्या लावून ठेवल्यासारखं सगळं जागच्या जागी होतं.

"असं कसं होतं, सांगाल का मला?" मी विचारलं. मला उत्तर येत होतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वढा पळत येतो," मावशी म्हणाल्या. "पळतोय तंवर समदं वढून आणतो, दगूड बी. पाण्याला धडाकला की दमतो. दमलं की मानूस काय करतं? डोईवरचं वझं टाकतं. जड आधी टाकतं, हलकं जरा लांब नेतं. तसंच."

माझ्या पुस्तकात याला अर्धं पान दिलं आहे.

काकडीचे वेल आणि भुईमुगाचा पट्टा ओलांडून आम्ही कडेशी आलो. पुढची जमीन सपाट होती, वर भेगा पडलेल्या, म्हणजे वाळलेली. मला त्या पाण्याला हात लावायचा होता. जिथं जमीन संपते आणि अजून व्हायची आहे, ती नेमकी जागा मला बघायची होती. मावशी वेलांकडं वळल्या होत्या. मी चपला न काढताच पुढं गेले. पाच-सहा पावलं भेगाळलेली माती टिकली, सातव्याला पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला तर दुसरा मांडीपर्यंत.

वर वाळलेली साय होती आणि खाली नुसतं दही. मी जितकी धडपडले तितकी खाली गेले. गार गाळ कमरेला लागला तेव्हा मी मावशींना हाक मारली.

त्या धावत आल्या, पण भेगांच्या अलीकडं थांबल्या. आवाज चढवला नाही. "हलू नका बाई. पाय झाडू नका. मागं रेला, खाटंवर पडल्यावानी. हात पसरा."

मी मागं रेलले. आभाळ दिसायला लागलं. खालची माती हळूहळू मला धरत होती, ओढत नव्हती, पण सोडतही नव्हती. मावशी वेलांचे दोन बांबू उपटून आणत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या पट्ट्यातून एक माणूस खांद्यावर लांब फळी घेऊन येताना दिसला. साठीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यानं दोन पट्ट्यांमधला ओघळ ओलांडला, फळी चिखलावर आडवी टाकली आणि तिच्यावर पालथा पडून माझ्यापर्यंत सरकत आला. मावशींनी दोन्ही बांबू माझ्या काखेखाली सरकवले. "आता एक पाय, सावकाश. दुसरा न्हाई. एकच," तो म्हणाला. पाय सुटताना असा आवाज झाला, जणू एखादं जनावर दूध पिता पिता तोंड काढतंय. दुसऱ्या पायाला बराच वेळ लागला. एक चप्पल आतच राहिली.

बाहेर ओढल्यावर तो मला म्हणाला, "बाई, काळ्यावर जायचं न्हाई. ह्ये यंदाचं हाय, अजून बसलं न्हाई." मग फळी उचलली आणि गेला. मावशींकडं त्यानं पाहिलं नाही. मावशींनीही त्याच्याकडं पाहिलं नाही. दोघांनी मिळून माझा जीव वाचवला होता आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

वाळूच्या पट्ट्यात मावशींनी पाण्यासाठी झिरा खणला होता, छातीभर खोल खड्डा. त्याच्या पायऱ्यांवर बसून त्या माझ्या पायांवर तांब्यानं पाणी ओतू लागल्या. मी विचारलं, "कोण होते ते?"

"माझा दीर."

थोड्या वेळानं त्यांनी आपणहून सांगितलं. धरणाच्या वेळी जमिनींची मोजणी झाली तेव्हा दोन भावांच्या मधला बांध कुणाचा यावरून भांडण झालं. नवरा आणि दीर बोलायचे बंद झाले. नवरा गेला, तरी बोलणं सुरू झालं नाही. "बांद पाण्याखाली गेला, त्याच्यावर ह्यो गाळ चढला," त्या म्हणाल्या. त्यांनी पायानं जमीन दाबली. "हितंच हाय तो, खाली. दोन पुरुस तरी खाली असंल."

मी खड्ड्याच्या भिंतीकडं पाहिलं आणि पाय धुवायचं विसरले. भिंतीवर पट्टे होते. एक जाड वाळूचा, वर एक बारीक काळा, मधोमध कुजलेल्या पानांची तपकिरी रेघ. पुन्हा वाळू, पुन्हा काळं, पुन्हा पानं. वरपासून खड्ड्याच्या तळापर्यंत. पावसाळ्याच्या जोरात वाळू येते, पाणी शांत झालं की काळं बसतं. एक जोडी म्हणजे एक वर्ष. मावशी बोट लावून सांगू लागल्या. हा जाडजूड पट्टा मोठ्या पुराच्या सालचा, वस्तीवरचा साकव वाहून गेला होता. हा दाभणासारखा बारीक, त्या वर्षी पाऊसच नव्हता. "आन ह्यो माझ्या पोरीच्या लग्नाचा." एका वितीवर बोट सरकवून म्हणाल्या, "ह्यो मालक गेले त्या सालचा."

त्यांनी बोट तिथंच ठेवलं. मी मोजायला सुरुवात केली होती ती थांबवली. जमीन वर्षं धरून ठेवते हे मी शिकवलं होतं. पण माणसाच्या डोळ्यांसमोर, त्याच्या एका आयुष्यात, छातीएवढ्या भिंतीत ती अशी लिहून मिळते, हे ठाऊक नव्हतं. मी ओला हात त्या पट्ट्याला लावला. तो गार होता आणि लगेच सुटा झाला.

जुलैत एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मावशींनीच मला थांबवलं. "चला बाई, आज बगण्यासारखं हाय." चार दिवस पाऊस चालू होता आणि धरण अजून खाली होतं. इरली पांघरून आम्ही त्याच टेपाडावर गेलो. ओढा तांबडा झाला होता, आणि दगड गडगडत येताना होणारा आवाज पायांतून वर येत होता. तांबडं पाणी सुपासारख्या जमिनीवरून धावत जाऊन धरणाच्या हिरवट पाण्यात शिरत होतं. मला वाटलं होतं सगळं धरण तांबडं होईल. तसं झालं नाही. काही अंतरावर तांबडं पाणी एकदम संपत होतं. तिथं फेस, काटक्या आणि पानांची एक वाकडी रेघ तरंगत होती. रेघेच्या अलीकडं तांबडं, पलीकडं हिरवं, शांत, वर पावसाचे थेंब.

"गेलं कुठं ते पाणी?" मी विचारलं.

"बुडी मारली. जड हाय ना ते. तळानं जातं, लांब, पार धरणाच्या भिताडापर्यंत. वरून कुणाला कळत न्हाई."

एक आख्खी नदी दुसऱ्या पाण्याखालून चालली होती आणि काठावर एक ढोकरी, बगळ्याच्या जातीची, निवांत उभी होती. किती वेळ गेला माहीत नाही.

मग मावशींनी माझा दंड धरला. ओढ्याचं जुनं तोंड त्यानं स्वतःच आणलेल्या गोट्यांनी आणि वाळूनं चोंदलं होतं. पाणी फुगलं, डावीकडं डचमळलं, उजवीकडं डचमळलं, आणि उजवा काठ खचला. आधी बैलगाडीच्या चाकोरीएवढी वाट झाली. बघता बघता तिच्यातून सगळा ओढा वळला. तो मावशींच्या पट्ट्यातून सरळ आरपार गेला. भुईमूग जूनमध्येच काढला होता, पण जमीन उकलून जात होती. झिऱ्याची भिंत एका दमात आत पडली. जुना ओघळ, जो दोन्ही पट्ट्यांच्या मधून जायचा, तो थोड्या वेळात नुसती डबकी होऊन राहिला.

मावशी आपल्या पट्ट्याकडं बघत राहिल्या. पलीकडच्या टेपाडावर त्यांचा दीर घोंगडी घेऊन उभा होता. तोही बघत होता.

त्यानंतर धरण भरलं आणि सगळं झाकलं गेलं.

जानेवारीच्या शेवटी पाणी उतरू लागलं. एका दुपारी मी व्हरांड्यात वह्या तपासत होते. तो दीर आला, टोपी हातात घेऊन खांबाशी उभा राहिला. मावशी आत भांडी घासत होत्या. दार उघडं होतं.

"बाई," तो मला म्हणाला, "त्यांना सांगा, वढ्याच्या तोंडाशी जमीन उगडी पडलीय. वढा पार डोंगराला जाऊन चिकाटलाय. मधला ओघळ बुजला. त्यांचं आन माझं समदं एक झालंय. कुठून कुठं कुणाचं, मला वळखंना. येऊन दाखवा म्हणावं."

मी आत पाहिलं. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"त्यांना सांगा," आतून आवाज आला, "मला बी वळखायचं न्हाई. आपलं काय व्हतं त्यात? वढ्याचं व्हतं, वढ्यानं हलावलं."

तो टोपी फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "मग बाई, त्यांना सांगा, औंदा एकदमच पेरू. काढल्यावर निम्मं निम्मं. बांद घालायला नगो. घातला तरी ऱ्हातोय का?"

मग मावशी पदराला हात पुसत दारात आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "च्या घेता का भाऊजी?"

"घेतो की, वहिनी," तो म्हणाला.

त्यांनी चहा केला. तिघांनी व्हरांड्यात बसून घेतला. दोघं बियाण्याविषयी बोलले. हरभरा आता उशिरा होईल, मका घ्यावा का, वरच्या वाळूत काकडी. मधल्या वर्षांविषयी कुणी काही बोललं नाही. मी वही समोर धरून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते.

आता नववीला तो धडा आला की मी मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत तिकडं जायला सांगते, काळ्यावर पाय ठेवायचा नाही अशी ताकीद देऊन. गेल्या उन्हाळ्यात मीही गेले. जमिनीची कड धरणात आणखी आत गेली होती. मी जिथं अडकले होते तिथं मका उभा होता आणि दोघं दीर-भावजय त्याला पाणी देत होते. माझी चप्पल त्या मक्याखाली कुठंतरी असेल.

मी मावशींना विचारलं, "हे असंच पुढं पुढं जात राहिलं तर?"

"तर धरण भरंल."

"पाण्यानं?"

"मातीनं." त्यांनी दूरवर पसरलेल्या पाण्याकडं हात केला. "डोंगूर येतोय की खाली, थोडा थोडा. आपण बगायला नसू."

मी वर डोंगराकडं पाहिलं, मग त्या सपाट निळ्या पाण्याकडं. हे सगळं पाणी एक दिवस माळ होईल. त्याच्यावरून ओढा पुन्हा आपली वाट शोधेल, आणि कुणी नांगर धरलेला माणूस आपल्या पायाखाली काय काय आहे हे न कळता उभा असेल. मला भीती वाटली नाही. एवढं मोठं काम इतक्या सावकाश चाललेलं असताना त्याच्या एका कोपऱ्यात उभं राहायला मिळालं, याचंच नवल वाटत राहिलं. मावशींनी वेलावरची काकडी तोडून पदराला पुसली, मोडून अर्धी माझ्या हातात दिली, आणि दिराला हाक मारून सांगितलं की पाणी आता खालच्या वाफ्याला वळवा.